तिसरी नासपती

तिने काडीवर कापूस गुंडाळला, द्रावकात बुडवला आणि तिसऱ्या नासपतीपाशी नेऊन हात थांबवला.

संग्रहालयाच्या यादीत या चित्राची नोंद मोठी भारदस्त होती: ‘उत्तर-दृक्प्रत्ययवादी शैलीतील फळांचे स्थिरचित्र’. दुरुस्तीच्या खोलीत मात्र सगळे त्याला ‘घसरगुंडी’ म्हणत. चित्रातलं टेबल इतकं तिरकं, की फळं आत्ता आपल्या मांडीवर येऊन पडतील असं वाटे. रंग तर असा जाड थापलेला, की चित्रकाराला ब्रशपेक्षा थापीच जवळची असावी. तिसऱ्या नासपतीचा रंग पूर्वी कधीतरी पोपडा सुटून पडला होता. अठरा वर्षांपूर्वी तो भरला तिच्या नवऱ्याने, शेजारच्याच टेबलावर बसून. आता तो भाग काळवंडला होता आणि काढायचा होता. नवऱ्याला जाऊन सात महिने झाले होते.

"दुसऱ्या कुणाला देऊ का, बाई?" विभागाच्या साहेबांनी दारातूनच विचारलं.

"नको. त्याचा हात मला ओळखू येतो."

सात महिन्यांत ती एकदाही रडली नव्हती. भेटायला आलेले लोक रडत, तीच त्यांना पाणी आणून देई. तिला काहीच वाटत नव्हतं, आणि आताशा त्याची लाजही वाटेनाशी झाली होती.

या कामात एकच नियम. आपण लावलेला रंग पुढच्याला पुसता आला पाहिजे. म्हणून डागडुजीला तैलरंग वापरायचा नाही. एकदा वाळला की तो हटत नाही. नवरा हे नवख्यांना कान धरून शिकवायचा. पण ही नासपती भरताना तो स्वतःच असा रंगात आला होता, की जेवणाचा डबा भरलेलाच घरी यायचा.

"हिच्यापुरती लबाडी करावीशी वाटते गं," एकदा म्हणालाही होता.

केली असली तर हा रंग निघणार नव्हता. नासपती तशीच राहणार होती. सकाळपासून तिला तेवढी एकच आशा होती.

तिने बोळा टेकवला, एकदाच फिरवला. कापूस पिवळा झाला. खाली पांढरं अस्तर दिसलं. पाच मिनिटांत सगळी जागा मोकळी झाली.

साहेब जवळ येऊन वाकले. "सगळं निघालं?"

"सगळं."

"चोख काम होतं हो त्याचं."

तिने बोळा कचऱ्याच्या डब्यात टाकला. साहेबांनी नोंदवही उघडली.

"काढताना काही अडचण आली? लिहावं लागतं."

ती पांढऱ्या जागेकडे बघत राहिली.

"काहीच नाही," ती म्हणाली. "जराही धरून राहिला नाही."