मुलीकडच्यांची हरकत

आमच्या लाईनीतल्या बाया म्हनायच्या, "राहीबाई, नशीब काढलंस गं! लेक दिली ती मागच्या दाराला. कालवन कमी पडलं तर तारंवरनं वाटी पुढं करायची." मी बी हसायची. हसायला काय पैसं पडत्यात व्हय?

कोपरखैरन्यात माथाडींची बैठी घरं हायेत, त्यातलं एक आमचं. आमच्या पाठीला पाठ लावून उदयसिंगभावजींचं. माजं मालक हौसेराव आन भावजी एकाच टोळीतले. दोगांनी मार्केटात कांद्याच्या गोन्या पाठीवर वाहून जलम काढला. गाव दोगांचं बी साताऱ्याकडं. दोस्ती पक्की करायची म्हनून आमची ज्ञानेश्वरी त्यांच्या विश्वजितला दिली. माज्या मोरीत उबं ऱ्हायलं की लेकीच्या सासरची मोरी दिसायची. मदी नुसती तार, आन तारंवर तोंडल्याचा येल. तोंडली दोनी बाजूनं तोडायची, कुनी कुनाला इचारायचं न्हाई.

लग्नाला दुसरं वरीस लागलं तवाची गोष्ट. सकाळच्या पारी ज्ञानू कपडे धुवायला आली तर गाल ह्यो सुजलेला.

"काय गं झालं?"

"दाढ दुखतीया."

आवं, माज्या पोटची पोर ती. दाढ दुखल्यावर लवंग मागती, का मान खाली घालती, एवडं कळत न्हाई मला? मी तारंवरनं हात घातला आन तिची हनुवटी वर केली. डोळ्यात पानी. तेवड्यात तिची सासू सुंदराबाई मागं येऊन उबी. "इहीनबाई, कामाच्या टायमाला गप्पा नगोत. पोरीनं सासरी नांदायचं, का म्हायेराला खेटून बसायचं?"

त्या गोष्टीला आठवडा झाला न्हाई तर त्यांच्या दारात इटांचा ट्रक.

सांजचं उदयसिंगभावजी आलं. च्या घेतला, इकडचंतिकडचं बोलले, मग हळूच म्हनले, "हौसेराव, मागं भिंत घालावी म्हन्तोय. कुत्री लई येत्यात. मुन्शिपालटीच्या हापिसात इचारलं, ते म्हनले शेजाऱ्याची हरकत नसली म्हंजे झालं."

"आवं, आमची कसली आलीया हरकत!" मालक बोलून बी गेलं.

"हाय की हरकत," मी सैपाकघराच्या दारातनं म्हनलं. "भिंत उंच किती, वर जाळी का बंद, काय इचाराल का न्हाई?"

भावजींनी कप खाली ठेवला. मालकांनी माज्याकडं असं बगितलं, जनू मी पावन्याच्या अंगावर खरकटं पानी फेकलं. भावजी गेल्यावर मग सुरू झालं, "येडी का खुळी तू? आपन मुलीकडचे. मुलीकडच्यानं हरकत घ्यायची नसती. आपन भिंतीवरनं भांडू, आन भोगंल कोन? पोरगी."

खरंच हुतं की ते. शेजारीन म्हनून मला हरकत घ्यायचा हक्क हुता, पन लेकीची आई म्हनून न्हवता. आन मी दोनी हुते, करू काय?

भिंत चढायला लागली. गवंड्यानं पयल्यांदा येल मुळासकट उपटला आन माज्या अंगनात टाकला. कवळी तोंडली हुती त्येला. मी त्येला म्हनलं, "आरं बाबा, खांद्याच्या वर जाळी ठेव. उजेड तरी येऊ दे." तर म्हन्तो कसा, "काकी, पॅक करायला सांगितलंय. तुमी कशाला टेन्शन घेता? तुमचं काय जातंय?"

माजं काय जातंय म्हने! ज्ञानू पल्याड उबी हुती. आदी तिची हनुवटी गेली, मग तोंड, मग कपाळावरची टिकली. शेवटाला वर दिसायची ती नुसती कपडे वाळत घालायची दोरी.

मग माजं कान तिकडंच लागून ऱ्हायले. ज्ञानू ल्हानपनापास्नं दोनी हातांनी कपडे आपटती, धपाधप. तेवडं ऐकलं की मला बरं वाटायचं. पन सांजचं कदी पल्याड विश्वजितचा आवाज चढायचा, मग भांडं पडायचं, मग ज्ञानूचं वरडनं. आन आमचं मालक काय करायचे? रिमोट घ्यायचे आन टीव्हीचा आवाज वाढवायचे. बातम्यावाला घरात बोंबलायला लागायचा.

"काय करताय ह्ये?"

"बातम्या ऐकतोय."

"आन ते ऐकू येत न्हाई?"

"नवराबायकोचं भांडन हाय. मिटंल."

हर बारीला असंच. तिकडं आवाज चढला की हिकडं टीव्ही चढायचा.

एक दिवस सकाळी धुन्याचा आवाज आला तो येगळाच. एकदा आपटायची, थांबायची, परत आपटायची. मी वर बगितलं, तर दोरीवरच्या कपड्यातनं पानी नुसतं गळत हुतं. पिळलेलंच न्हवतं. चादरीला दोन हात लागत्यात पिळायला.

लाडू केले आन पुढच्या दारानं गेले. लेकीच्या सासरी रिकाम्या हातानं कसं जायचं! सुंदराबाईनं मला बाहेरच्या खोलीतच बसवलं. ज्ञानू आली ती उजवा हात पदराखाली घेऊन.

"मोरीत घसरले आई," मी इचारायच्या आदीच ती म्हनली.

"दवाखान्यात दावला का?"

"दावू की," सुंदराबाई म्हनली. "मुरगळलाय नुसता. तुमी नका काळजी करू."

सांजंला ज्ञानूचा फोन आला, दबक्या आवाजात. "आई, तू कुनाला काय बोलू नगो. बोललीस की हितं वाढतंय. तुला माजी शपथ." आन फोन बंद. मालकांना सांगितलं तर डोक्याला हात लावून बसले. म्हनले, "पोलिसात जायचं? आन पोरगी आनून घरात बसवायची? लोक काय म्हनतील? उदयसिंगाला तोंड कसं दावू?" लोक, लोक! पोरीचा हात मोडलाय आन ह्येंना लोक!

शपथ घातली हुती हाताबद्दल न बोलायची. भिंतीबद्दल न्हवती घातली. दुसऱ्या दिवशी मी मुन्शिपालटीच्या हापिसात गेले. तितं अस्मिता मॅडम म्हनून इंजिनियर, पोरसवदा बाई, माज्या ज्ञानूच्याच वयाची. त्यांनी भिंत केवडी ते इचारलं. मी हात वर करून दावली.

"एवढी? दीड मीटरच्या वर बंद भिंत चालत नाही काकू. वर आरपार दिसेल असं पाहिजे, जाळी नाहीतर ग्रील. तुमची तक्रार काय लिहू? उजेड अडतो? वारा?"

"लिवा, दिसत न्हाई."

"काय दिसत नाही?"

"माजी पोरगी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग हळू म्हनल्या, "काकू, ही तक्रार माझ्याकडची नाही. पोलिसांकडं जा. मी येते हवं तर सोबत."

"पोरगी तितं न्हाई म्हनंल, मॅडम. घसरले म्हनंल. तुमी तुमच्या भिंतीचं बगा. मला एकदा दिसू दे, म्होरचं मी बगते."

त्यांनी बगितलं. मान्सं आली, टेप लावला, भावजींना नोटीस दिली. मग काय इचारता! समद्या लाईनीत बोंब. ज्या बाया नशीब काढलंस म्हनायच्या त्याच म्हनाया लागल्या, "राहीबाईनं ईवायावर मुन्शिपालटी घातली! आसली आई असल्यावर पोर कशी नांदायची?" भावजी दारात येऊन मालकांना नको नको ते बोलले, मालकांनी हात जोडले. माज्याशी बोलनं टाकलं त्यांनी. जेवायचं ताट बी स्वताच्या हातानं घ्यायला लागले. म्हनलं घ्या, तेवडंच माजं काम कमी.

गवंडी परत आला. वरच्या इटा काढल्या आन जाळी बसवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक मोरीत तोंड धुवत हुते, मी भांडी घासत हुते. पल्याडचं दार वाजलं. ज्ञानू बाहेर आली. उजवा हात वढनीनं गळ्यात बांदलेला, मनगट जांभळं पडून सुजलेलं, आन एक डोळा उगडतच न्हवता. डाव्या खांद्यावर गोधडी. मीच शिवलेली, माज्या जुन्या लुगड्यांची, लग्नात दिली हुती.

तिनं आमच्याकडं बगितलं न्हाई. गोधडी जाळीवर टाकली, एक कोपरा दातात धरला आन डाव्या हातानं सुतळीची गाठ मारायला लागली. गाठ बसंना. परत मारली.

"ज्ञानू, काय करतीस गं बाय?"

दातातला कोपरा सोडून ती म्हनली, "ते म्हनलेत, जाळी झाकून टाक. आई, बगू नगो. आप्पा, तुमी बी आत जावा."

मालकांच्या हातातनं तांब्या पडला. त्यांनी तोंडावरचं पानी बी पुसलं न्हाई. पुढच्या दारानं निगाले ते तसेच, बनियनवर, अनवानी, लाईनीला वळसा घालून. मी मागनं पळत.

उदयसिंगभावजी वट्यावर पेपर वाचत बसले हुते.

"उदयसिंगा," मालक म्हनले, "माजी हरकत हाय."

"आता कसली हरकत? उतरवली की भिंत!"

"भिंतीची न्हाई."

आतनं विश्वजित आला. "आप्पा, तुम्ही कशाला टेन्शन घेता? आमच्या घरातली मॅटर आहे."

"माज्या बी घरातली हाय," मालक म्हनले.

मी थांबले न्हाई. सुंदराबाईला बाजूला सारून सरळ मागं गेले आन पोरीचा धड हात धरला. ती पयल्यांदा ताठ झाली, मग आली. सुंदराबाई दारात आडवी. "आज उंबरा वलांडला तर हे दार परत उगडायचं न्हाई, सांगून ठिवते!"

"नगा उगडू," मी म्हनलं. "त्येच्या जागी बी भिंत घाला. आमची हरकत न्हाई."

समदी लाईन बाहेर येऊन बगत हुती. बगू दे. मी पोरीला त्यांच्या मदनं घेऊन आले. म्हनलं दोन घास पोटात गेले की हिला दवाखान्यात न्यायची आन तितनं पोलिसात.

घरात आल्यावर ज्ञानू जमिनीवर बसली, भिंतीला पाठ लावून. मालकांनी स्वता च्या केला. जलमात केला न्हवता. कप तिच्या म्होरं ठेवला आन खाली तिच्याजवळ बसायला लागले. "पोरी, मला वाटलं, मिटंल. मला एवडं..."

"आप्पा," ती म्हनली. रडत न्हवती, भांडत न्हवती. सादं बोलली. "भिंत झाल्यावर तुमी दिसत न्हवता. पन तुमचा टीव्ही मला ऐकू यायचा. मी वरडले की त्येचा आवाज वाढायचा."

मालक अर्दवट वाकलेले तसेच ऱ्हायले.

"मग मी वरडायचं सोडून दिलं," ती म्हनली.

तिनं कपाला हात लावला न्हाई. मी नगो म्हनलं न्हाई, घे म्हनलं न्हाई. च्या तिच्या म्होरं निवून गेला, वर साय धरली.