बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

टेलरमास्तरांचं दार दिवसातून एकदाच वाजायचं. बायको गेली, मुलगी परगावी, गिऱ्हाईकंही आटलेली. शिलाई मशीन सोडलं तर घरात कुणाचा आवाज म्हणून नसे. फक्त सकाळी वरच्या मजल्यावरच्या ताई पेलाभर हिरवागार रस घेऊन यायच्या. कुंडीतला पाला स्वतः वाटून गाळलेला, मास्तरांच्या मधुमेहावर. ताई टेलिफोन ऑपरेटर होत्या. जन्मभर लोकांची बोलणी जोडून दिली आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्याशीच बोलायला कुणी उरलं नाही. पेला रिकामा होईस्तोवर त्या स्टुलावर बसत. म्हणून मास्तर तो कडूजहर रस अगदी चवीने, घोट घोट पीत.

डॉक्टरबाईंच्या गोळ्याही ते नेमाने घेत होतेच. गोळ्यांनी आणि पथ्याने साखर उतरली. रिपोर्ट पाहून ताईंचा चेहरा असा काही उजळला की मास्तरांना राहवलं नाही.

"ताई, ही सगळी तुमच्या पाल्याची करामत," ते म्हणाले. "गोळ्या तर मी कधीच सोडल्या."

त्या दिवशी ताई बराच वेळ बसल्या. त्या गेल्यावर मास्तरांनी गोळ्यांचं पाकीट बटणांच्या डब्यात तळाशी दडवलं. एवढ्याशा थापेने कुणाचं काय बिघडणार होतं?

पुढे एका सकाळी दार वाजलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ताई आपल्याला कंटाळल्या, असं धरून मास्तर रुसून मशीनवर बसले. पण कामात लक्ष लागेना, धागा सारखा तुटायला लागला. शेवटी गुडघे धरत जिना चढले.

दार नुसतं लोटलेलं होतं. ताई पलंगावर पडल्या होत्या. ओठ सुकलेले, पायाच्या बोटाला चिंधी, खोलीत जखमेचा वास. उशाशी तोच हिरवा पेला.

"मलाही आहे ना मधुमेह," त्या कशाबशा म्हणाल्या. "तुमचं ऐकून धीर आला. मीही सोडल्या गोळ्या."

मास्तरांना आता कुठे उमगलं. रस ताई स्वतःसाठीच वाटत होत्या, त्यातलाच एक पेला खाली आणत होत्या! आणि स्टुलावर बसणाऱ्या त्या बाईला "तुम्ही कशा आहात?" एवढंही त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

मास्तरांनी त्यांना लगेच दवाखान्यात हलवलं. ताईंचा जीव वाचला, पण पायाचं एक बोट कापावं लागलं. गोळ्या सोडायला कुणी सांगितलं, असं डॉक्टरबाईंनी विचारलं, तर ताई म्हणाल्या, माझंच डोकं. मास्तरांना गप्प बसता आलं असतं.

"मी सांगितलं," ते म्हणाले. "खोटं सांगितलं. त्या रोज येत राहाव्यात म्हणून."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, त्याचंच मास्तरांना जास्त लागलं.

"पाल्यात काहीच गुण नाही, असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "काही पानांच्या अर्कांवर अभ्यास चाललाय. पण तुमच्या पेल्यात किती उतरलंय, ते कुणी मोजलंय? कधी कमी पडेल, कधी गोळ्यांच्या जोडीला साखर नको तेवढी खाली नेईल. घ्यायचाच असेल तर आधी मला विचारा. गोळीच्या जागी मात्र नाही. आणि मास्तर, सोबत हवी होती, तर सरळ सोबतच मागायची."

ताई घरी आल्या, पण बोलेनात. मास्तर रोज सकाळी वर जाऊन दार वाजवायचे आणि तसेच उतरायचे. बँडेजवर बसेल अशी मऊ कापडाची सपात त्यांनी शिवली आणि उंबऱ्याशी ठेवून दिली. काही दिवसांनी दार उघडं दिसलं. ताईंच्या पायात ती सपात होती. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

"गोळी घेतलीत?"

मास्तरांनी शर्टाच्या वरच्या खिशातून पाकीट काढलं. दोघांनी आपापली गोळी घेतली.

"आता तुम्ही कशा आहात ते सांगा," मास्तर म्हणाले. ताई दुपारपर्यंत सांगत होत्या.

वाचकहो, औषध सोडायचं की बदलायचं ते डॉक्टरांना विचारा, शेजाऱ्याला नको. तो एकटा असेल, तर काय सांगेल याचा नेम नाही. आणि तुमच्या जिन्यावर असं एखादं दार असेल, तर आजच वाजवा. त्यासाठी हातात पेला असावा लागत नाही.