काट्याचा 'पीं' आणि माझं काळीज

हा डॉक्टर बेनेडेक, देठाला धरून वांगं उचलावं तसा मला शेपटीला धरून उचलतो. चार पिढ्यांची आजी मी, पण त्याला त्याचं काही नाही.

मित्रांनो, मी सेगेद शहरातल्या प्रयोगशाळेतली एक म्हातारी पांढरी उंदरीण आहे. जन्म इथलाच, लाकडाच्या भुशात. शाळा म्हणाल तर एकच धडा शिकले. एका पेटीत बसवायचे, बारीक 'पीं' वाजायचं, की लगेच पायांना विजेचा झटका. दोन दिवसांत धडा पाठ. मग नुसतं 'पीं' ऐकूनच मी थिजायचे. पोटात शिवलेलं इवलं यंत्र काळजाचे ठोके पडद्यावर पाठवायचं. बेनेडेकचं खूप कौतुक झालं.

त्याआधीचे दिवस आठवतात. आमचं खाणंपिणं बघणाऱ्या पिरोश्का नेनी (नेनी म्हणजे इकडची मावशी) तळहातावर सूर्यफुलाचं बी धरायच्या. त्यांच्या अंगठ्याला रेलून मी ते निवांत सोलायचे. त्या उबेसाठी अजून जीव तुटतो. पेटीचा प्रयोग संपला, बी रोज पुढे यायचं, पण माझ्याच्याने तोंड उघडवायचं नाही.

"बघा नेनी, किती शांत बसलीय," एके दिवशी बेनेडेक म्हणाला. पेटीत थिजले तर हा 'भीती' लिहायचा, पेटीबाहेर थिजले तर 'शांत'.

"शांत कसली, डॉक्टरसाहेब? हिची धडधड माझ्या बोटाला लागतेय. पडद्यावर बघा."

"यंत्र जुनं झालंय."

"यंत्र जुनं, मी जुनी, ही जुनी. नवे तेवढे तुम्हीच. आता हिला तुमच्या त्या नव्या वजनकाट्यावर ठेवा, आणि कान उघडे ठेवा."

बी देण्याआधी रोज आमचं वजन होतं. त्याने मला ठेवलं. काटा वाजला, 'पीं'. पडद्यावरची रेघ ताडकन उसळली. पेटीतला तोच आवाज. बेनेडेकचे कान लाल झाले.

"रोज सकाळी घाबरवून वर खाऊ देत होतो आपण," नेनी हळूच म्हणाल्या.

काटा मुका केला त्याने. पण काळीज काही लगेच ऐकत नाही, न वाजलेल्या आवाजाचीही वाट बघत धडधडतं. आज बाराव्या दिवशी मी नेनींच्या हातावर अर्धं बी सोललं. अर्धंच.

मित्रांनो, गप्प बसलेल्याला सुखी समजू नका. जरा बोट लावून बघा.

आता बेनेडेकनेही बी ठेवून हात पुढे केलाय. मी मिशा ताठ करून त्याला मोठ्याने सांगितलं, "तू दुष्ट नाहीस रे, बेफिकीर आहेस. हात तसाच धरून ठेव. मला वाटेल तेव्हा येईन."