नावात डिफरन्स

टायपिंगवाल्या प्रेमसिंगने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर चष्म्याची डबी ठेवली.

"शाळेच्या दाखल्यावर हेमला, आधारवर प्रयागबाई. डिफरन्स आहे."

वाशीमच्या कोर्टाबाहेर हा शब्द चहाइतकाच खपतो. आडनावात डिफरन्स, जन्मतारखेत डिफरन्स. 'फरक' मराठीत आहे, पण तो स्टॅम्पपेपरवर चालत नाही, असा सर्वांचा समज.

"लग्नात बदललं," जगदेव म्हणाला. "ताटातल्या तांदळात म्याच लिहिलं होतं, अंगठीनं."

"मले कोनी इचारलं होतं?" प्रयागबाई म्हणाली.

बावन्नाव्या वर्षी तिला दहावीला बसायचं होतं. फॉर्म जवळच्याच मालेगावच्या शाळेत द्यायचा होता, आज पाचपर्यंत. उद्या खिडकी बंद.

"लिहितो," प्रेमसिंग म्हणाला, "दोन्ही नावं एकाच बाईची. डिफरन्स फक्त नावात."

"फक्त नावात नाही, भाऊ. हेमला एकटी सायकलवर शाळेत जाय. प्रयागबाई दवाखान्यात बी इचारून जाते."

"ताई, त्याले या कागदात जागा नाही."

जगदेवने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

ओळख पटवायला नोटरीसाहेबांनी त्यालाच पुढे बोलावलं.

"या कोण?"

"वैष्णवीची माय."

"नाव?"

एकतीस वर्षांत त्याने तिला दोन्हींपैकी एकाही नावाने हाक मारली नव्हती. बायकोचं नाव घ्यायची घरात रीत नव्हती आणि 'अवं'मध्ये भागत होतं. त्याने कागदावर बोट ठेवलं.

"थे लिहेल हाये ना, साहेब."

साहेबांनी शिक्का मारला.

सव्वातीनला स्टँडवर मालेगावची बस लागली. जगदेवने खिडकीतून खांद्यावरचा दुपट्टा टाकून जागा धरली, रेटत आत शिरला आणि खिडकीबाहेर डोकं काढलं. प्रयागबाई गर्दीच्या पार मागे होती, कागदांची पिशवी छातीशी धरून, भलत्याच बसकडे बघत. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं.

"अवं!"

चार बायांनी वळून पाहिलं. त्यांत ती नव्हती.

"अवं, इकडं!"

आणखी तिघी वळल्या. एकीने तर हसून पदर सावरला.

कंडक्टर दार ओढून घेऊ लागला. जगदेवने घसा खाकरला.

"हेमला!"

एकच वळली.