घासाघीस न करणारं गिऱ्हाईक

जुनं वॉशिंग मशीन विकायला मी मोबाइलवर जाहिरात टाकली. लगेच एकाचा फोन आला, "किंमत मान्य. उद्या नेतो."

आईने फोन हिसकावला. "घासाघीस नाही? अख्ख्या कैरोत असं कोण घेतं? चोर असणार मेला!" आणि तिने फोन कट केला.

संध्याकाळी एका बाईंचा फोन आला. त्यांनी मशीनला डबडं म्हटलं, पोरांच्या शपथा घातल्या, रडल्या आणि किंमत अर्ध्यावर आणली.

आई खूश. "हुसाम, गाढवा, याला म्हणतात खरं गिऱ्हाईक!"

सकाळी बाई नवऱ्याला घेऊन आल्या. आईने चहा दिला. नवरा म्हणाला, "खाला, काल मी पूर्ण पैसे देत होतो, तर तुम्ही मला चोर म्हणालात."

आई उसळली, "मग घासाघीस करायला तुला काय झालं होतं, मेल्या?"