सॉसच्या पुड्यांची काठवट

"काठवटी बाई माझ्या, ज्वारीच्या पिठाचा पूर,
लेकरं जेवताना गं, भरून येई माझा ऊर."

शांताबाईंचा हा आवाज माझ्या लाकडात अजून मुरलेला आहे. मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे, भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात. धोंडिबा सुताराने मला शिवणीच्या लाकडातून कोरलं आणि शांताबाईंनी जुन्नरकडून ठाकुर्लीला आणलं. त्यांच्या तळव्यांनी माझं पोट गुळगुळीत झालं. "तुमच्या काठवटीलाच गोडी आहे हो," असं शेजारणी म्हणायच्या. शांताबाई वारल्या आणि मी फ्रीजवर जाऊन बसले.

त्यांची सून स्वप्ना ठाण्याला नोकरी करते. नवरा लांब साइटवर असतो. नववीतली लेक संचिता शाळेतून येते ती रिकाम्या घरात. स्वप्ना ऑफिसातूनच तिच्यासाठी कधी पिझ्झा मागवते, कधी बर्गर, कधी शेजवान नूडल्स. दमल्या आईला तेवढंच लेकराला काही दिल्याचं समाधान. उरलेल्या सॉसच्या पुड्या माझ्यात पडतात, फुटतात, चिकटतात, मुंग्या येतात.

मग संचिताच्या मानेवर काळपट पट्टा दिसू लागला. स्वप्नाला तो मळ वाटला. एका रविवारी तिने पुड्या बाजूला सारून माझ्यात बेसन आणि लिंबू कालवलं. इतक्या वर्षांनी माझ्या पोटी पीठ पडलं, मित्रांनो, आणि तेही अंगाला फासायला.

"नीट अंघोळ करत नाहीस. लोक काय म्हणतील?"

"मम्मी, सोलतेस काय मला? बटाटा आहे का मी?"

मान लाल झाली. काळं तसंच राहिलं.

डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा कळलं की तो मळ नव्हताच. शरीराला साखर पेलवेनाशी झाली, की अशी खूण उमटते. रक्तातली साखर मधुमेहाच्या काठावर आली होती, यकृतावर चरबी चढली होती.

"दुखणं आत होतं रे, आणि मी कातडी घासत बसले," स्वप्ना फोनवर नवऱ्याला म्हणाली आणि ओट्यापाशीच खाली बसली.

दुसऱ्या दिवशी रजा काढून तिने मला धुतलं. गार पाण्यातच पीठ मळलं. भाकरी तव्यावर जाण्याआधीच तुटली. पुन्हा थापली, पुन्हा तुटली. अगं, पाणी कढत घे, असं सांगायला माझा जीव तडफडला. पण लाकडाला कुठली जीभ?

मित्रांनो, चटकदार खाणं कधीमधी खा, पण रोजची भूक त्याच्या हवाली करू नका. माझ्यादेखत एक लेकरू आतून पोखरत गेलं, म्हणून विनवते.

तसेच भाजलेले तुकडे ताटात घेऊन स्वप्ना लेकीसमोर बसली.

"खा गं बाई. नाहीतर त्या बर्गरमध्ये एवढं काय आहे ते तरी सांग मला."

संचिताने भाकरीचा तुकडा कुस्करला.

"मला नाही एवढा आवडत बर्गर," ती म्हणाली. "डिलिव्हरीवाला बेल वाजवतो ना, तेव्हा घरी कोणीतरी आलंय असं वाटतं. दिवसभरात आपली बेल तेवढीच वाजते, मम्मी."