बर्नडीनचा नापास संघ

"पूस ते, आई! अख्खी रांग पूस आणि पुन्हा निवड. फोन तुला नापास म्हणतोय!"

"पुसणार नाही. आणि तो फोन काही माझा मास्तर नाही."

पुसायचं आहे ते माझ्या अंगावरचं, म्हणून मध्येच तोंड घालते. मी पाटी बोलतेय. मला फळा म्हणू नका. फळे लाकडाचे असतात, मी खाणीतून निघालेला अख्खा दगड आहे. चार माणसं लागतात मला उचलायला, आणि चौघंही नंतर कंबर धरून बसतात.

माझी उमेदीची वर्षं गेली ती इथल्या पोलिश लोकांच्या चर्चच्या शाळेत. सिस्टर लोकांनी माझ्यावर गणितं मांडली, पापं-पुण्यं लिहिली. मला मात्र कुणी अक्षर शिकवलं नाही. जे अंगावर उमटलं ते सोसत सोसत मी आपली आपण शिकले. खडू कुठे दाबला जातो, कुठे कापतो, यावरून लिहिणाऱ्याचं मनसुद्धा मला कळतं. ही विद्या कुठल्या फोनला येते?

अमेरिकेतल्या या बफेलो शहरातले कारखाने बंद झाले, पोरं दूर गेली, शाळेला कुलूप लागलं. बाकं भंगारात निघाली. मला मात्र कॅझिमिर नावाच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं घरी नेलं. तळघराच्या जिन्यात माझा कोपरा उडाला, तर हा हसतोय! "सिस्टरनं हिच्यासमोरच माझा कान पिळला होता. फिटलं!" मी त्याला कधी माफ केलं नाही, आणि त्याच्याइतकं मला कुणी आवडलंही नाही.

उन्हाळा संपता संपता त्याचं सगळं गणगोत तळघरात जमायचं. थंडगार बिअर, हॅम, बर्नडीनचे कोबीत गुंडाळलेले खिम्याचे रोल. बर्नडीन म्हणजे त्याची बायको. आणि मग सुरू व्हायचा त्यांचा फुटबॉलचा खेळ. खरे खेळाडू मैदानात हाडं मोडून घेणार, हे इथे खुर्च्यांत बसून त्यांची वाटणी करणार. एकेकानं पाळीपाळीनं नाव पुकारायचं. एकानं घेतला तो दुसऱ्याला नाही. प्रत्येकाचा एक मनातला संघ तयार व्हायचा. पुढे रविवारी तुमचा गडी मैदानात चेंडू घेऊन पळाला, की गुण तुम्हाला. सगळी नावं माझ्यावर लिहिली जायची.

खरी मजा त्यानंतर. कॅझिमिर, म्हणजे आमचा कॅझ, खडू घेऊन उभा राहायचा आणि एकेका संघाला मार्क द्यायचा. "जेरी, तुझे पळणारे सगळे म्हातारे. संघ आहे की वृद्धाश्रम?" जेरी हा त्याचा मुलगा, तो तावातावानं उठायचा. भाचा ड्युएन टेबल बडवायचा. एवढा आरडाओरडा, की वरच्या कपाटातल्या बश्या वाजायच्या.

ती एक दुपार मी माणसांत असायची. बाकीचं वर्ष मी, डीप फ्रीजरची घरघर आणि अंधार.

गेल्या नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच कॅझ गेला. शनिवारी त्याला पुरलं. रविवारी सगळे वर जेवले. मग दुपारी बूट वाजले, गाड्यांची दारं लागली आणि घर गप्प झालं. थोड्या वेळानं बर्नडीन खाली आली. तिनं दिवा लावला नाही. माझ्याकडे पाठ करून कॅझच्या खुर्चीत बसून राहिली.

पुढच्या रविवारपासून तिनं त्याचा संघ हातात घेतला. बाकीचे ड्युएनच्या मोठ्या टीव्हीपुढे जमायचे; ही खाली एकटी. गुण माझ्यावर लिहायची आणि नावांशी बोलायची. "आलास का धावून? टेक जरा." एकाचा पाय मुरगळला तर त्याच्या नावाशेजारी छोटा क्रूस काढला होता तिनं. माणसं इतकी एकटी पडली की दगडाशीसुद्धा अदबीनं बोलायला लागतात.

आज पुन्हा सगळे जमलेत. बर्नडीननं आपले गडी स्वतः निवडले. मार्क द्यायला मात्र कॅझ नाही. जेरीनं सगळे संघ फोनमध्ये घातले आणि फोननं मार्क दिले. जेरी पहिला. ड्युएन बरा. बर्नडीन सपशेल नापास.

कारणही सांगते. प्रत्येक खऱ्या संघाला हंगामात एक रविवार सुट्टी असते. शहाणा माणूस सुट्ट्या एकमेकींवर येणार नाहीत असे गडी घेतो. बर्नडीनचे सगळेच्या सगळे एकाच रविवारी सुट्टीवर! नोव्हेंबरचा पहिला रविवार. त्या दिवशी तिच्या संघात औषधालाही माणूस नाही.

"नवशिकी पोरंसुद्धा ही चूक करत नाहीत," जेरी म्हणाला. "लोक हसतील, आई. फोनला निवडू दे तुझा संघ."

"मग फोनलाच रोल खाऊ घाल. माझे ठेव खाली."

जेरीनं बशी ठेवली. आवाज खाली आणला. असा आवाज मी सिस्टरांकडून ऐकलाय, तो ओरडण्यापेक्षा वाईट. "हे बघ, आम्ही सगळे बोललोय. तुला झेपत नाही हे. यंदा एवढं पूस, आणि पुढच्या वर्षीपासून आपण ड्युएनकडे जमू. तू नुसती जेवायला ये."

नुसती जेवायला! म्हणजे तिची खुर्ची गेली. आणि मीही गेले. ड्युएनकडे भिंतभर टीव्ही आहे, त्याला दगड कशाला हवा? मला हात असते तर ते ओलं फडकं मी जेरीच्या तोंडावर मारलं असतं. तो ते घेऊन माझ्यापर्यंत आलाच होता. बर्नडीन मध्ये उभी राहिली, पाठ मला टेकवून. तिचं काळीज माझ्या दगडात वाजत होतं. पुसू नकोस रे, मी म्हणत होते. पण माझं कधी कुणी ऐकलंय?

"थांब, जेरी," ड्युएन म्हणाला. तो तिच्या रांगेवरून बोट फिरवत होता. "अरे, बाकीच्या रविवारी हिचा एकही गडी सुट्टीवर नाही! आपण दर आठवड्याला ठिगळं लावत बसणार, आणि ही एकच दिवस हरून उरलेले सगळे पूर्ण ताकदीनं खेळणार. मामी, गंडवलंस की गं आम्हाला! मामा असता तर त्यानं पैकीच्या पैकी दिले असते."

सगळे हसले. जेरीचं फडकंही खाली आलं. बर्नडीननं नुसती मान डोलावली असती तरी ती जिंकली होती.

"उगाच मोठेपणा देऊ नकोस," ती म्हणाली. "असलं काही माझ्या डोक्यात नव्हतं."

"मग काय होतं?" जेरीनं विचारलं. मघापासून ओरडत होता; विचारलं आत्ता.

तिनं हातातला खडू माझ्या तुटक्या कोपऱ्यावर ठेवला.

"गेल्या वर्षी त्या रविवारी तुम्ही सगळे मॅच बघायला उठून गेलात आणि मी इथे येऊन एकटी बसले, म्हणून यंदा मी माझी माणसं अशी निवडलीत, की त्या दिवशी त्यांच्यातल्या एकालाही कुठे जायचं नाही."